नवरीच्या गुशेत काय गाणे

पोयाना, ९ फेब्रुवारी २००४

साबिना,

तुझा पत्ता पालागियाच्या लेकीकडून मिळाला. ती तोरिनोत तुझ्यापासून दोन रस्ते सोडून कामाला आहे म्हणे, आणि रविवारी चर्चच्या पायरीवर तू तिला दिसतेस. दिसतेस पण बोलत नाहीस, असंही म्हणाली. ते मला नवीन नाही. तुला जाऊन आठ वर्षं झाली, तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि मीही तुला लिहिली नाही, तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवायला नकोत.

इथे सगळं ठीक. बर्फ अजून कुंपणाएवढा आहे. तोआदेरचे गुडघे धरलेत, त्यामुळे तो दिवसभर चुलीजवळ बसून मला सूचना देतो. बायकोला सूचना द्यायला गुडघे लागत नाहीत. लाल गाय गेली. आईच्या थडग्यावरचा क्रूस वाकला होता, तो मी सरळ करून घेतला. तू विचारलं नाहीस, पण सांगते.

पत्राचं कारण वेगळंच आहे. गावातल्या एका बाईच्या गळ्यावर गुशा आलीय, चांगली मोठी. डॉक्टर त्याला गलगंड म्हणतात आणि कापून काढा म्हणतात. ती घाबरलीय. तिकडे तुझं तसलं ऑपरेशन झाल्याचं मागे कानावर आलं होतं, म्हणून तिच्या वतीने विचारते. दुखतं का? किती दिवस पडून राहावं लागतं? आणि नंतर आवाजाचं काय होतं? शेवटचं तिला विशेष करून हवंय.

बाईचं नाव सांगून उपयोग नाही, तू ओळखणार नाहीस.

रावेका


पोयाना, ३ मार्च

साबिना,

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो, असं मी तोआदेरला सांगते. तो चुलीत लाकूड सारतो.

ती बाई मीच. तुला पहिल्याच ओळीत कळलं असेल. लहानपणी मी खोटं बोलले की आईच्या आधी तूच ओळखायचीस.

दोन वर्षांपूर्वी झग्याचा वरचा हूक लागेना. मी हूक काढून टाकला. मग दुसरा काढला. मग रुमाल बांधायला लागले, उन्हाळ्यातसुद्धा. आता तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपते, आडवी झाले की कुणीतरी गळ्यावर गुडघा ठेवल्यासारखं होतं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. खारट विहिरीवरून बादल्या घेऊन चढ चढते तेव्हा माझ्या गळ्यातून शिटी वाजते. परवा तोआदेर आतून ओरडला, "रावेका, बघ गं, फाटकात कोण शिट्या मारतंय!" मीच होते.

शेवटी क्लुजला गेले. डॉक्टरीण आहे, मोल्दोव्हान नावाची, तुझ्याहून लहान असेल. तिने गळा चाचपला आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

"मीठ कोणतं खाता?"

"आमच्या विहिरीचं. आटवून घेतो."

"दुकानातलं आयोडीनचं का नाही?"

"त्याने पिपात मुरवलेला कोबी मऊ पडतो."

तिने पेन खाली ठेवलं. "वा! म्हणजे कोबी कडक राहिला," म्हणाली, "आणि गळ्याचं हे असं झालं."

मी म्हटलं, आमच्या आईला होती, आजीला होती, आमच्या घरातल्या बायकांचा गळाच तसा. आई आठ पदरी मणी घालायची, तुला आठवत असेल, आणि गावातल्या बायका त्या मण्यांवर जळायच्या. मण्यांखाली काय आहे ते कुणी बघत नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, घरातला गळा नाही हो, घरातलं मीठ.

मग तिने फोटो दाखवला. गुशा आतल्या बाजूनेही वाढलीय, छातीच्या हाडामागे, आणि श्वासाची नळी दाबून एका अंगाला सरकवलीय. सगळी काढावी लागेल. पण तिच्या मागूनच आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी. बहुतेक वेळा तिला धक्का लागत नाही. बहुतेक.

"आणि लागला तर?"

"आवाज बसतो. काहींचा परत येतो, काहींचा नाही."

मी म्हटलं, "मी कोंबडी ओरडते."

ती शहरातली, तिला काही कळेना. मग तिला सगळं सांगावं लागलं, की लग्नात जेवणावळीच्या शेवटी भाजलेली कोंबडी फुलापानांनी सजवून स्वयंपाकीणबाई लग्नाची साक्ष देणाऱ्या धर्ममातापित्यांच्या टेबलाशी घेऊन जाते, आणि जाताना यमकं जुळवून नवऱ्यापासून पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांची टर उडवते. आणि असं ओरडणारी माझ्यासारखी आठ गावांत दुसरी नाही, हेही सांगितलं. ती हसली. म्हणाली, "मावशी, टर उडवायला आधी श्वास लागतो." वर हेही म्हणाली की फार दिवस हातात नाहीत, उन्हाळ्यापर्यंत थांबू नका.

चोवीस एप्रिलला पालागियाच्या नातीचं लग्न आहे. कोंबडी माझ्याकडे आहे. ते होऊ दे, मग बघू, असं सांगून आलेय. काय बघणार ते मलाही ठाऊक नाही. जीव टांगणीला लागलाय आणि घरात बोलायला फक्त तोआदेर.

तू एवढंच लिही, आवाजाचं काय झालं तुझ्या. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

रावेका


पोयाना, २७ मार्च

साबिना,

अजून काही नाही. पोस्टमन लांबूनच हात हलवतो आता.

मागच्या पत्रात कोंबडी ओरडते असं लिहिलं, तेव्हा हात थांबला होता. तरी पुढे लिहीत गेले, जणू तुला त्यातलं काही ठाऊकच नाही. तेव्हा आता सरळ लिहिते. उपासाचे दिवस आहेत, पाद्रीबुवांकडे पापं सांगायला रांग लागलीय, आणि मी रांगेतून परत आले, कारण हे त्यांना सांगून काय होणार? त्यांचं कुठे काय बिघडवलं मी?

ऑक्टोबर नव्वद. तुझं लग्न. म्हातारी साव्हेता आजारी पडली म्हणून कोंबडी पहिल्यांदा माझ्या हातात आली. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तू गळ्याला ती पांढरी लेस बांधून माझ्यासमोर उभी राहिलीस. "ताई, खरं सांग, दिसतं का गं?" मी म्हटलं, "काहीसुद्धा दिसत नाही, वेडी कुठली." म्हणजे मला ठाऊक होतं. मी एकटीच होते जिला तू विचारलंस.

दुसऱ्या दिवशी दोन पेले आलुबुखाराची दारू पोटात, मंडपात तीनशे माणसं, हातात कोंबडी. धर्मपित्याच्या टकलावर ओरडले, हशा पिकला. पाद्र्यांच्या पोटावर ओरडले, त्याहून मोठा हशा. अंगात वारं शिरलं. आणि आपल्या लोकांनी एकच शब्द देऊन ठेवलाय, कोंबडीच्या गळ्यातल्या दाण्यांच्या पिशवीलाही गुशा, आणि बाईच्या गळ्यावरच्या गाठीलाही गुशा. माझ्या जिभेला तेवढं पुरलं.

कोंबडीच्या गुशेत दाणे,
नवरीच्या गुशेत काय गाणे?
सासूबाई, चाचपून घ्या,
मगच पदरात सून घ्या!

सारंगीवाला वाजवायचा थांबला, इतका हसला. तुझी सासू खरंच उठली आणि दोन बोटांनी तुझ्या लेसखाली चाचपलं, गमतीगमतीत. ग्रिगोर, तुझा नवरा, तोही हसला. आणि तू हसलीस. साबिनाही हसत होती, तिनेही गंमत म्हणूनच घेतलं, असं मी चौदा वर्षं लोकांना सांगत आलेय.

टेबलाखाली तुझा हात रुमाल पिळत होता. मी उभी होते तिथून तो दिसत होता. आणि तरीसुद्धा लोक "पुन्हा! पुन्हा!" म्हणाले तेव्हा मी ते कडवं पुन्हा म्हटलं. पहिल्यांदा जीभ घसरली असं म्हणता येईल. दुसऱ्यांदाचं काय म्हणायचं ते मला सापडत नाही.

पुढचं तुला माहीतच आहे. तू कायमची गुशावाली झालीस. दुकानात गुशावाली, नदीवर गुशावाली, आणि ग्रिगोर प्यायला की घरातही. सहा वर्षं तू ते ऐकलंस आणि एका सकाळी बसने गेलीस. मी मात्र त्या लग्नापासून नावारूपाला आले. आठ गावांतून बोलावणी येऊ लागली. लोक म्हणायचे, रावेकाची जीभ म्हणजे वस्तरा, सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही.

माफी मागायला हे पत्र लिहीत नाहीय, असं लिहिणार होते. पण त्याचसाठी लिहितेय. मला मागता येत नाही गं. यमक जुळल्याशिवाय माझ्या तोंडून काही बाहेर पडत नाही, आणि या गोष्टीला यमक जुळत नाही.

रावेका


पोयाना, १५ एप्रिल

साबिना,

तुझं पत्र ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. मी ते गोठ्यात नेऊन वाचलं, कारण तोआदेर खांद्यावरून वाचायला येतो. एक पान. मला वाटलं होतं शिव्या असतील. शिव्या असत्या तर बरं झालं असतं.

तू लिहिलंयस, "ताई, दुखत नाही. पहिले तीन दिवस पाणी गिळताना जपावं लागतं. माझा आवाज सत्त्याण्णवमध्येच गेला आणि आला नाही. नुसती फुसफुस उरलीय, तीही दमल्यावर उमटत नाही. मी सांभाळते ती म्हातारी ठार बहिरी आहे, म्हणून माझं जमतं."

हे वाचून मला हसू आलं. तुझी जीभही काही कमी नव्हती, फक्त तू ती लोकांच्या गळ्यावर चालवली नाहीस. मग पुढची ओळ वाचली आणि तिथेच दूध काढायच्या स्टुलावर बसले.

"आईच्या मातीला आले तेव्हाही आवाज नव्हता."

साबिना, मी काय बोलले होते ते तू लिहिलं नाहीस, पण मला आठवतंय. नव्व्याण्णवची गोष्ट. सगळ्या बायका थडग्याशी आईच्या नावाने गळा काढून रडत होत्या आणि तू मागे भिंतीसारखी उभी. तोंड मिटलेलं. जेवणाच्या टेबलावर पंधरा माणसांसमोर मी म्हटलं, "इटलीला गेली आणि आईसाठी एक हुंदकासुद्धा महाग झाला बाईला." तू ताटातला घास तसाच ठेवून उठलीस. संध्याकाळच्या बसने गेलीस. मी म्हटलं, बघा, तोरा बघा.

तू तेव्हा कागदावर लिहून का नाही दिलंस? पण कुणाला देणार होतीस, मला? मी ते वाचून दाखवलं असतं सगळ्यांना, तुला ठाऊक होतं. वर यमकही जुळवलं असतं.

मी करावं की नाही, हे मी सरळ विचारलं नव्हतं, तरी तू ओळखलंस. तू लिहिलंस, "ते मी सांगणार नाही. मी श्वास घेते आणि बोलत नाही. तुला काय जास्त लागतं ते तुलाच माहीत." बरोबर आहे. तुझ्या जागी मी असते तर करू नकोस म्हणून सांगितलं असतं, आणि त्यामागे दुष्टावा असता. तू दुष्टावाही केला नाहीस.

माझं मत कळायला हवं असेल तर, मला आवाज जास्त लागतो. हे लिहायला लाज वाटते. श्वासाशिवाय माणूस मरतं हे मलाही कळतं. पण आवाज गेल्यावर रावेका म्हणून उरते कोण? गुडघे धरलेल्या लाकूडतोड्याची बायको, बस्स.

मी त्या लग्नात एक करणार आहे. जे भर मंडपात केलं ते भर मंडपातच निस्तरायला हवं. तेच लोक असतील, सारंगीवालाही तोच आहे. कडवं तयार केलंय, माझ्यावरच. यमक जुळलं शेवटी.

तुझी रावेका


पोयाना, २६ एप्रिल

साबिना,

झालं लग्न. कसं झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

दोन दिवस चुलीवर होते, तीनशे माणसांचं रांधलं, कोबीच्या पानांतले खिम्याचे मुटके एकटीने सहाशे वळले. पालागिया म्हणत होती, "रावेका, बस जरा, तुझा चेहरा जांभळा दिसतोय." मी म्हटलं, बीटचं सार ढवळतेय, त्याचा रंग पडलाय.

कोंबडी घेऊन निघाले. रुमाल मुद्दाम काढून ठेवला होता, गळा उघडा, सगळ्यांना दिसू दे म्हणून. पहिली दोन कडवी नेहमीची, धर्मपित्याची आणि नवऱ्याची. मंडप तापला. मग मी हात वर केला, सारंगी थांबली, आणि म्हटलं,

कोंबडी सोलली, गुशा काढली,
माझी गुशा मीच वाढवली;
बहिणीच्या गळ्याला हसले मी —

पुढची ओळ होती, "त्याच गळ्याने फसले मी." नंतर तुझं नाव घ्यायचं होतं, सगळ्यांसमोर, साबिना म्हणून, गुशावाली म्हणून नव्हे. पण "हसले मी"वर श्वास आत घेतला आणि तो आत जाईना. गळ्यातून आवाज आला तो शिटीचाही नव्हता. कॉक, कॉक असा आला. पुन्हा घेतला, पुन्हा तसाच. हातात कोंबडी, आणि मी कॉक, कॉक.

मंडप फुटला. लोक टेबलं बडवायला लागले. सारंगीवाला ओरडला, "रावेकामावशी, कोंबडी कच्ची राहिली वाटतं, अजून बोलतेय!" सारंगीवर त्याने कोंबडीचा आवाज काढला, मी श्वास घेतला की तो उत्तर द्यायचा. लोकांच्या डोळ्यांतून पाणी. त्यांना वाटलं, रावेकाने यंदा नवीन काहीतरी आणलंय. "पुन्हा! पुन्हा!" म्हणाले.

त्यांचा दोष नाही. कोंबडीच्या वेळी हसायचंच असतं. तेव्हा कुणी गंभीर बोलताना बघितलं असतं तर मीही हसले असते. माफी मागायला मी तीच जागा निवडली जिथे माफी मागता येत नाही, दुसरी मला माहीतच नव्हती.

तोआदेर तेवढा हसला नाही. काठी टाकून तो दोन टेबलं ओलांडून आला, माझ्या हातातली कोंबडी घेऊन धर्ममातेच्या मांडीवर ठेवली आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. बाहेर बाकावर बसवून म्हणाला, "आता क्लुजला जायचं." मी मान हलवली. "हो म्हण," म्हणाला. मला म्हणता येईना. मग म्हणाला, "राहू दे, मान हलली ते बघितलं मी."

तुझं नाव घ्यायचं राहून गेलं. ओळ अर्धीच राहिली. तू इथे नव्हतीस हे बरं झालं, असं आधी वाटलं. मग वाटलं, असतीस तर तू एकटीने ओळखलं असतंस की हे नाटक नाही.

तुझी रावेका


क्लुज, १२ मे

साबिना,

इस्पितळात आहे. खिडकीजवळची खाट मिळालीय. शेजारच्या खाटेवर एक शिक्षिका आहे, तीही गळ्याचीच. तिची गुशा माझ्या गुशेपुढे लिंबाएवढी, पण रडते मात्र मापापेक्षा जास्त. मी तिला हसवत असते. आवाज घोगरा निघतो, पण निघतो.

इतके दिवस मी तराजू घेऊन बसले होते, एका पारड्यात श्वास आणि एका पारड्यात आवाज. लग्नानंतरही मनातून बसलेच होते. ऑपरेशनच्या खोलीत शिरायच्या आधी निघून जावं, असं काल सकाळपर्यंत ठरत होतं. बॅग भरलेली होती. तोआदेर धर्मशाळेत, त्याला कळलंही नसतं.

दुपारी मोल्दोव्हानबाईंनी तपासायला नेलं. जीभ कापडात धरून बाहेर ओढली, आरसा लावलेली नळी आत घातली.

"म्हणा, ईऽऽ."

म्हटलं.

"पुन्हा. मोठ्याने."

पुन्हा म्हटलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग नळी काढून समोर स्टूल ओढून बसली, तेव्हाच मला कळलं की बातमी चांगली नाही.

"मावशी, गळ्यात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. तुमची डावी हलत नाही."

"ऑपरेशननंतर?"

"आत्ता. बरेच आठवडे झाले असतील. गाठीने नस दाबलीय."

म्हणजे मी ज्याच्यावर नागासारखी बसून राहिले होते, ते अर्धं आधीच गेलेलं. मंडपात कॉक, कॉक झालं तेव्हाही अर्धंच होतं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी निवडतेय, निवडतेय म्हणून सगळ्यांचा जीव खाल्ला, आणि निवडायला काही नव्हतंच.

आता उजवी उरलीय. तिलाही धक्का लागला तर नुसता आवाज जाणार नाही, गळ्याला पुढून भोक पाडून त्यातून श्वास घ्यावा लागेल. नाही केलं तर नळी आणखी दबेल. आजच ती पेनाच्या नळीएवढी राहिलीय. डावी परत हलेल का, विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाली. गाठीत वाईट काही निघेल का, विचारलं. "काढल्यावर कळेल," म्हणाली. चांगली आहे, खोटं बोलत नाही. पण एखादं खोटं बोलली असती तर मी रागावले नसते.

कागद पुढे केला. सही केली. न वाचताच केली, तर म्हणाली, वाचून करा. मी म्हटलं, वाचून काय बदलणार आहे?

मला भीती वाटतेय, साबिना. हे मी तोआदेरला सांगितलेलं नाही. तुझ्या वेळी तुझ्याजवळ कोण होतं, तेही मी कधी विचारलं नाही. कुणी नसणार.

तुझी रावेका


क्लुज, १३ मे

साबिना,

हे पत्र उद्या तोआदेर टपालात टाकेल. तुला मिळेपर्यंत माझं काय झालं असेल ते झालेलं असेल.

आज दुपारी तुला फोन केला, ती कल्पना तोआदेरच्या डोक्यातून निघाली. माझा नवरा स्वतःहून काही करत नाही, आणि आज बघ, पालागियाकडून तिच्या लेकीचा नंबर घेतला, लेकीकडून तुझ्या म्हातारीच्या घरचा घेतला, आणि एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. म्हणाला, "उद्या आवाज असेल नसेल. आज आहे. वापर." मी म्हटलं, तिला बोलता येत नाही, फोन करून काय करू? म्हणाला, "तुला येतं ना? आयुष्यभर तूच बोललीस."

फोन वऱ्हांड्यात आहे, जेवणाच्या गाड्या तिथूनच जातात. तू उचललास. आधी वाटलं कुणीच नाही, मग वारा घुसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि मी म्हटलं, "साबिना, रावेका बोलतेय."

पुढे काय बोलले ते तू ऐकलंस. यमक नव्हतं, धड वाक्यंही नव्हती. लेसचं बोलले, टेबलाखालच्या रुमालाचं बोलले, आईच्या जेवणाच्या टेबलाचं बोलले. माझं चुकलं, दोन्ही वेळा चुकलं, आणि दुसऱ्यांदा मुद्दाम चुकलं, असं म्हटलं. शिक्षिका दारात उभी राहून ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. मध्ये मला ठसका लागला तेव्हा तू फोन ठेवला नाहीस. मी पुन्हा बोलायला लागेपर्यंत तू तिथेच होतीस.

आणि मग तू काहीतरी म्हणालीस.

तीन शब्द होते, फार तर चार. नेमकी तेव्हाच ताटांची गाडी शेजारून गेली. मी रिसीव्हर कानात खुपसला, दुसरा कान बोटाने बंद केला, पण मला कळलं नाही, साबिना. "काय?" म्हणणार होते. पण तेवढे शब्द बाहेर काढायला तू किती जोर लावलास ते मला ऐकू आलं होतं. पुन्हा म्हण, असं तुला सांगायची लाज वाटली. एकदा तुझ्यासमोर मी ते कडवं दुसऱ्यांदा म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

म्हणून मी "हो" म्हटलं. दोनदा म्हटलं, "हो गं, हो." मग तू फोन ठेवलास.

तेव्हापासून खाटेवर बसून त्याचाच विचार करतेय. माफ केलं म्हणाली असशील, तर हो बरोबर आहे. मी येऊ का, असं विचारलं असशील, तरी बरोबर आहे, ये. करू नकोस म्हणाली असशील, तर मी हो म्हणूनही करतेय, आणि मग तूच म्हणशील की मी तुझं कधी ऐकलं नाही. आणि "तू मला संपवलंस" असं म्हणाली असशील, तर त्यालाही मी होच म्हटलंय.

तोआदेरला विचारलं, तुला काय वाटतं, काय म्हणाली असेल? तो म्हणाला, "फोन तुझ्या कानाला होता." बरोबरच आहे त्याचं.

उद्या सकाळी सात वाजता नेणार आहेत. रात्रीपासून पाणी बंद. तू काय म्हणालीस ते कागदावर लिहून पाठव, याच इस्पितळाच्या पत्त्यावर, खिडकीजवळची खाट. मला बोलता येत असेल की नाही, सांगता येत नाही. वाचता येईल.

तुझी ताई